धाडसापूर्वी शहाणपण
मुलांच्या पोलीस-कवायतीस सुरतेचा धडा

आपल्या गावांतून मूल जेवेनासे झाले किंवा रात्री झोपेना, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे अजूनही त्यास एकच धाक घालतात : “गप्प बस, नाहीतर पोलीस येईल.” पोलीस म्हणजे मुलांस धरून नेणारा बागुलबुवा, ही समजूत अशा रीतीने दुधाबरोबरच बालकाच्या पोटात जाते. तिचा परिणाम असा होतो की, ज्या घटकेला त्या बालकास पोलिसाची खरी गरज पडते, त्याच घटकेला ते त्याच्याकडे धाव घेण्याऐवजी त्याच्यापासून दूर पळते. आणि थोरपणीही हा धाक सर्वस्वी जात नाही. रस्त्यावर अपघात झालेला दिसला तरी, “उगाच पोलिसांचे लचांड मागे नको,” असे म्हणून भला माणूसदेखील मान फिरवून पुढे निघून जातो.

याच्या उलट, गेल्या काही वर्षांत शाळांच्या पटांगणांवर एक निराळे दृश्य दिसू लागले आहे. आठवी-नववीची मुले-मुली खाकी पोषाख घालून, कमरेस पट्टा बांधून, रांगेत कवायत करीत असतात आणि खरोखरीचे पोलीस अंमलदार त्यांस शिकवीत असतात. काही ठिकाणी त्यांच्या स्पर्धाही भरतात. हे पाहून आईबापांच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. पहिला साधा आहे : यात अभ्यास बुडणार नाही ना? दुसरा मात्र खोल आहे : कोवळ्या वयात अधिकाराचा वेष अंगावर चढला, तर आपले मूल सेवाभावी होईल की उद्धट होईल? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत. आणि त्यासाठी आपल्या शेजारच्या सुरत शहराकडे थोडे लक्षपूर्वक पाहणार आहोत.

प्रथम ही योजना कोठून आली ते पाहू. ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ या नावाने ती केरळ राज्यात २०१० च्या ऑगस्ट महिन्यात रीतसर सुरू झाली. पी. विजयन नावाच्या पोलीस अधिकाऱ्यांची ही कल्पना. प्रारंभी १२७ शाळांनी तीत भाग घेतला. केरळचा अनुभव पाहून ज्या राज्यांनी ती उचलली, त्यांत गुजरातचाही समावेश होतो. पुढे २१ जुलै २०१८ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी गुरुग्राम येथे तिला अखिल भारतीय स्वरूप दिले. योजनेचा रोख आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांवर आहे. तिला नेमलेले पाठ्यपुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. महिन्यातून एखादा तास पुरावा, अशी तिची आखणी झाली. तेव्हा आईबापांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते.

या शिक्षणाचे दोन भाग कल्पिलेले आहेत. गुन्ह्यास आळा कसा घालावा, रहदारीचे नियम, स्त्रिया व बालके यांची सुरक्षितता, लाचलुचपतीस विरोध आणि आपत्तीच्या वेळी करावयाची कामे, हा पहिला भाग. वडीलधाऱ्यांचा मान, परदुःखाची जाणीव, सहिष्णुता, धीर, संघवृत्ती आणि शिस्त, हा दुसरा. ज्यांनी ही योजना आखली, त्यांनी लाठी व बंदूक यांना तीत मुख्य स्थान दिलेले नाही, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी.

परंतु धीर, परदुःखाची जाणीव, संघवृत्ती हे गुण फळ्यावर लिहून शिकवता येतात काय? पोहणे जसे पाण्यात उतरल्यावाचून येत नाही, तसे हे गुणही प्रसंगात पडल्यावाचून अंगी बाणत नाहीत. आणि खऱ्या संकटात तर मुलांस लोटता येत नाही. म्हणून शिक्षकांनी एक युक्ती काढली. संकटाची रंगीत तालीम करावयाची. कोणी जखमी होऊन पडल्याचे सोंग करतो, कोणी घाबरलेली आई होते, कोणी संतापलेला शेजारी होतो. आणि मुलांच्या तुकडीस काहीही पूर्वसूचना न देता त्या प्रसंगात सोडतात. पुढे काय करावयाचे ते त्यांनी ठरवावयाचे. परीक्षक बाजूस उभे राहून टिपण करतात. नाटकासारखे हे दिसते. परंतु नाटकात संवाद पाठ केलेले असतात, येथे ते जागच्या जागी सुचावे लागतात.

या प्रकारच्या स्पर्धा अमेरिकेत फार दिवस चालत आल्या आहेत. तेथे ‘एक्सप्लोरर’ नावाची तरुणांची पथके पोलीस ठाण्यांशी जोडलेली असतात. साधारणतः १४ ते २० वर्षांची मुले-मुली त्यांत असतात आणि निरनिराळ्या गावांची पथके परिषदेच्या निमित्ताने एकत्र येऊन चढाओढ करतात. घरात नवराबायकोचे भांडण विकोपास गेले आहे. शाळेत बाँब ठेवल्याचा निरोप आला आहे. दोन मोटारींची टक्कर झाली असून दोन्ही चालक एकमेकांवर दोष ढकलीत आहेत. कोणी माणूस जिवावर उदार होऊन दार लावून बसला आहे. असे नाना प्रसंग त्यांच्यापुढे मांडतात. आपल्याकडे मोठ्या पोलिसांच्याही कर्तव्य-स्पर्धा होतात. गुन्ह्याचा शास्त्रीय तपास, छायाचित्रण, घातपाताच्या वस्तूंचा शोध, श्वानपथकांचे काम इत्यादी विषयांत राज्याराज्यांची पथके तेथे उतरतात. लखनौ येथे २०२४ साली अशी अखिल भारतीय स्पर्धा भरली होती.

तालमीचे महत्त्व किती, हे सुरत शहरास फार मोठी किंमत मोजून कळले आहे. ती हकिगत दुःखाची आहे. परंतु आईबापांनी ती वाचावीच.

२४ मे २०१९ रोजी दुपारी सुरतेच्या सरथाणा भागातील ‘तक्षशिला आर्केड’ नावाच्या इमारतीस आग लागली. इमारतीच्या अगदी वरच्या भागात, गच्चीवर उभारलेल्या खोलीत, शिकवणीचा वर्ग चालू होता. मुलांस बसावयास मोटारीची टायरे ठेवलेली होती. वर येणारा जिना लाकडी होता आणि तोच जळून गेला. खालून धूर, वर उन्हाने तापलेले छप्पर, आणि बाहेर पडण्यास दुसरी वाट नाही. बंबवाले आले, पण त्यांची शिडी मुलांपर्यंत पोचली नाही. जीव वाचवण्यासाठी मुलामुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्या दिवशी २२ विद्यार्थी दगावले. काही आगीने व धुराने गेले, काही उड्या घेतल्याने गेले. खाली शेकडो लोक उभे होते. पुष्कळांच्या हातांत फोन होते आणि त्यांवर चित्रण चालू होते. त्या गर्दीतून एक तरुण इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर चढला आणि त्याने जमेल तितक्या मुलांस हात देऊन खाली उतरवले, हेही त्याच चित्रणात साऱ्या देशाने पाहिले.

या प्रसंगाचा दोष त्या मुलांवर तिळमात्र नाही, हे प्रथम स्पष्ट बोलले पाहिजे. गच्चीवर खोली चढवणारे, लाकडी जिना चालवून घेणारे, तपासणी न करणारे, हे सर्व थोर माणसांचे अपराध होत. मुलांस कितीही तालीम दिली, तरी जळालेल्या जिन्यावरून ती उतरू शकली नसती. म्हणून, “मुलांस कवायत शिकवली, आता आमचे काम संपले,” असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस, संस्थेस अथवा सरकारास नाही. सुरतेनंतर गुजरातेत शिकवणी-वर्गांच्या तपासण्या झाल्या, वर्ग काही काळ बंदही ठेवले गेले. आणि तरीही पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या एका खेळघराच्या आगीत पंचवीसहून अधिक जीव गेले. थोरांची विस्मृती ही अशी भयंकर असते.

परंतु तालमीचा खरा लाभ आग लागल्यानंतर मिळतो, त्याहून अधिक आग लागण्यापूर्वी मिळतो. ज्या मुलाने शाळेत दोन-तीन वेळा आगीच्या प्रसंगाची तालीम केली आहे, ते कोणत्याही नव्या इमारतीत पाऊल ठेवताच नकळत एक प्रश्न विचारते : “येथून बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती?” हा प्रश्न विचारणारी चार मुले पहिल्याच दिवशी वर्गात असती, त्यांनी तो घरी जाऊन आईबापांस सांगितला असता आणि आईबापांनी तो वर्गाच्या चालकांस विचारला असता, तर कदाचित वर्ग तेथे चाललाच नसता. सावध मूल हे थोरांच्या आळसास टोचणारे काटेरी कुंपण होय. आणि प्रत्यक्ष आगीतही तालमीतील चार साध्या गोष्टी उपयोगी पडतात : धूर वर चढतो म्हणून जमिनीलगत रांगत जावे, बंद दार उघडण्यापूर्वी हाताची पाठ लावून ते तापले आहे का पाहावे, लिफ्ट वापरू नये, आणि दप्तर, फोन, चपला यांसाठी एकदा बाहेर पडल्यावर परत आत जाऊ नये. बाहेर आल्यावर ठरलेल्या जागी जमून शिरगणती करावी, म्हणजे आत कोण राहिले ते बंबवाल्यांस सांगता येते.

आता अशा तालमीत मुलांची नेमकी कसोटी कशी लागते, ते पाहण्यासाठी तीन प्रसंग कल्पून पाहू. सुरतेतील उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आपली मराठी माणसे फार मोठ्या संख्येने राहतात. खानदेशातून कापडाच्या धंद्यासाठी गेलेली हजारो कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. तेव्हा प्रसंग त्याच वस्तीत घडतात असे समजू.

पहिला प्रसंग. उधन्याच्या रस्त्यावर टेंपोने एका सायकलस्वारास उडवले आहे. तो बेशुद्ध असून पायातून रक्त वाहत आहे. लोक जमले आहेत आणि चालकास ओढून मारावयास निघाले आहेत. खाकी वेषातील चार मुले तेथे पोचतात. अनभ्यस्त मूल काय करील? जखमीस धरून उठवील, त्याच्या तोंडात पाणी ओतील, किंवा चालकास पकडण्यास धावेल. ही तिन्ही कामे चुकीची. मान-पाठ दुखावली असेल तर हलवण्याने अपाय होतो. बेशुद्ध माणसास पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाते. शिकलेली तुकडी कामे वाटून घेते. एक जण ११२ किंवा १०८ या क्रमांकावर नेमके ठिकाण कळवतो. दुसरा स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरतो. तिसरा येणारी वाहने दुरून थांबवण्यास थोरांची मदत मागतो. चौथा गर्दीस मागे सारून टेंपोचा क्रमांक लिहून घेतो. चालकास शिक्षा करणे हे त्यांचे काम नव्हे, आणि जमावाचे तर नव्हेच नव्हे.

येथे वाचकांनी कायद्याची एक गोष्ट जाणून घ्यावी. अपघातग्रस्तास मदत करणारा पोलिसी चौकशीत अडकतो, ही भीती पूर्वी निराधार नव्हती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या रक्षणाचे नियम मान्य केले. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास, जखमीस पुढे काही अपाय झाला तरी, जबाबदार धरता येत नाही. आणि आपले नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टान्तातील दयाळू शमरोनी वाटेवरील जखमीपाशी थांबला, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. आज तो आपल्या पाठीशी आहे. तेव्हा मान फिरवून जाण्यास आता निमित्त उरलेले नाही.

दुसरा प्रसंग. सुरत स्टेशनच्या फलाटावर पाच वर्षांची एक मुलगी एकटीच रडत आहे. अनभ्यस्त मूल तिला कडेवर घेऊन, “ही कोणाची मुलगी?” असे मोठ्याने ओरडत फिरेल, आणि पहिला जो कोणी, “माझी,” म्हणेल त्याच्या हाती तिला देऊन टाकील. हेतू निर्मळ, परिणाम भयंकर! शिकलेला छात्र तिच्यासमोर गुडघे टेकून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन हळू बोलतो; सोबतीस दुसऱ्या एकाला ठेवतो; तिचे नाव चारचौघांत उच्चारत नाही; आणि रेल्वे पोलिसांकडे तिला सोपवून १०९८ या बालकांच्या मदत-क्रमांकावर वर्दी देतो. आपणहून तो तिला कोणाच्याही स्वाधीन करीत नाही, मग समोरचा माणूस कितीही सभ्य दिसो.

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड. छात्राची एक वर्गमैत्रीण त्याच्यापाशी येऊन म्हणते, “तुला एक गोष्ट सांगते, पण कोणालाही सांगणार नाहीस अशी शपथ घे.” आणि घरी येणारा एक नातेवाईक आपल्याशी वाईट वागतो, असे ती सुचवते. येथे रक्तही नाही आणि धूरही नाही. पण येथेच पुष्कळ मुले गोंधळतात. कोणी शपथ घेऊन बसते, कोणी खोदून खोदून प्रश्न विचारते, कोणी त्या नातेवाइकास जाब विचारावयास निघते. बरोबर उत्तर निराळे आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा, दोष तिचा नाही असे तिला सांगावे. गुप्ततेचे वचन देऊ नये. चौकशी स्वतः करू नये. आणि तिला सोबत घेऊन विश्वासाच्या शिक्षिकेकडे अथवा आईकडे जावे. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांस कळवणे हे थोरांचे कर्तव्यच आहे. घराण्याच्या अब्रूसाठी ती दाबून ठेवणे हा गुन्हा होय.

हे तिन्ही प्रसंग बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. तुकडीने काय केले यापेक्षा काय करण्याचे टाळले, यावर येथे अधिक गुण आहेत. मारले नाही, ओढले नाही, ओरडले नाही, स्वतःस नायक समजून एकट्याने धावले नाही. चांगल्या तालमीचे सारे रहस्य या ‘नाही’ मध्ये आहे. शक्ती दाखवणे सोपे. हाती शक्ती असून ती आवरणे कठीण.

आणि येथेच स्पर्धेचा धोकाही आहे. चढाओढ म्हटली की घड्याळ आले, ढाल आली, टाळ्या आल्या. जी तुकडी झटपट काम उरकते आणि मोठ्याने हुकूम सोडते, तिच्यावर प्रेक्षक खूष होतात. परीक्षकही त्यांच्यासारखेच भाळले, तर मुलांस उलटाच धडा मिळतो : घाई म्हणजे चलाखी आणि दरारा म्हणजे कर्तबगारी. अमेरिकेतही हा प्रश्न उपस्थित झाला. काही पथकांतील मुलांस खोट्या बंदुका हाती देऊन दहशतवाद्यांवर छापा घालण्याच्या तालमी दिल्या जातात, असे वृत्त २००९ साली तेथील वृत्तपत्रात येताच, बालकांच्या शिक्षणात हे बसते काय, यावर वाद माजला. आपल्याकडे अजून ती पाळी आलेली नाही. ती येऊ न देणे आपल्या हाती आहे. ज्या स्पर्धेत जखमीपाशी बसून त्याचा हात धरणाऱ्या मुलास गुण नाहीत, आणि चोरास लोळवणाऱ्यास पैकीच्या पैकी गुण आहेत, त्या स्पर्धेतील ढाल घरी न आलेली बरी.

हाती बळ असून ते आवरण्याचे एक जुने उदाहरण याच सुरत शहरातील आहे आणि ते मराठी ख्रिस्ती माणसाने विसरू नये असे आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. ती स्वारी लुटीचीच होती, शहरातील धनिकांस तिची झळ फार लागली, हे इतिहासात नमूद आहे. पण त्या धामधुमीतही कापुचिन संघाचे फादर ॲम्ब्रोज यांच्या मठास हात लावू नये, असा महाराजांचा हुकूम होता. हे पाद्री भले लोक आहेत, अशी त्यांची भावना होती. तसेच जो दिवंगत व्यापारी दानधर्मासाठी प्रसिद्ध होता, त्याचे घरही त्यांनी वगळले. ही हकिगत त्या काळी हिंदुस्थानात वास्तव्य करणाऱ्या बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवली आहे. विजयी सैन्याच्या हाती त्या दिवशी सारे शहर होते. तरी एका दरवाजापाशी तलवार थांबली. कोठे थांबावयाचे हे ज्यास कळते, त्याच्याच हाती शस्त्र शोभते.

ख्रिस्ती श्रद्धेची शिकवणही हीच आहे. यार्देनच्या तीरी शिपाई स्नापक योहानाकडे आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा नोकरी सोडून द्या, असे त्याने त्यांस सांगितले नाही. लोकांस धाक घालून पैसे उकळू नका, कोणावर खोटा आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढीच तीन पथ्ये त्याने घालून दिली. आज दोन हजार वर्षांनीही कोणत्याही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर याहून पुरती नियमावली लावता येणार नाही. पोलिसांची सेवा ही पवित्र मातासभेने कधी हलकी मानली नाही. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली महादूत संत मायकल यांस इटलीच्या पोलिसांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले, आणि आज अनेक देशांचे पोलीस त्यांचा सण पाळतात. संत मायकलच्या चित्रात त्यांच्या हाती तलवार असते हे खरे. परंतु कित्येक चित्रांत दुसऱ्या हाती तराजूही असतो. मुलांस चित्र दाखवताना आपण तलवारीकडे बोट दाखवतो, तसे तराजूकडेही दाखवावे.

तेव्हा आपल्या मुलामुलींस अशा पथकात पाठवावे काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु डोळे मिटून दिलेल्या होकाराचे ते नव्हे. पाठवण्यापूर्वी आईबापांनी शिक्षकांस चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. तालमीत मुलांच्या हाती खोटी शस्त्रे देतात काय? प्रसंग संपल्यावर मुलांस बसवून, काय चुकले व का चुकले, याची शांतपणे चर्चा होते काय? मुलींस मुलांइतकेच पुढारपण मिळते काय? आणि शाळेच्या इमारतीतच बाहेर पडण्याची दुसरी वाट मोकळी आहे काय? हा शेवटचा प्रश्न ज्यांस अवघड वाटेल, त्यांस तो दोनदा विचारावा.

मूल पथकात गेल्यावर घरच्यांचेही काम संपत नाही. खाकी वेष घालून आलेला मुलगा धाकट्या बहिणीवर हुकूम सोडू लागला, शेजारच्या गरीब मुलास दमदाटी करू लागला, तर ती थट्टेवारी नेऊ नये. वेष उतरवून आईला पाणी भरू लागण्यास त्यास सांगावे. जो घरात सेवा करीत नाही, तो रस्त्यावर लोकसेवक कसा होणार?

खेड्यापाड्यांतून सर्वच शाळांत अशी पथके आहेत असे नाही. म्हणून कोणी हात जोडून बसण्याचे कारण नाही. सुरत आणि आपली वसई-पालघरची किनारपट्टी १ मे १९६० पर्यंत एकाच मुंबई राज्यात नांदत होती. दोन्हीकडच्या पोलिसांचे काम १९५१ च्या एकाच मुंबई पोलीस कायद्यातून आलेले आहे. सुरतेत जे शिकता येते, ते आपल्या धर्मग्रामांतही शिकता येते. रविवारच्या मिस्सानंतर युवक-युवतींनी एक तास काढावा. गावच्या ठाण्यातील एखाद्या अंमलदारास आणि आरोग्यकेंद्रातील परिचारिकेस आमंत्रण द्यावे. सणाच्या गर्दीत मूल हरवले. चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या रांगेने पडद्यास पेट घेतला. विहिरीत कोणी पडले. आजीबाईंस फोन आला की, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे, ताबडतोब पैसे भरा. असे आपल्याच गावचे प्रसंग घ्यावेत. शेवटच्या प्रसंगात आजीबाईंनी फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार करावी, हे मुलांनीच आजीस शिकवावे. या तालमीस खर्च येत नाही; लागतो तो थोडा वेळ आणि पुष्कळ गांभीर्य.

तालीम संपल्यावर मुलांनी एक काम मात्र अवश्य करावे. आपले चर्च, आपली शाळा, सभागृह आणि शिकवणीचा वर्ग यांची दारे, जिने आणि खिडक्या फिरून पाहाव्यात. कोठे कुलूप आहे, कोठे बाकांचा ढीग रचून वाट अडवली आहे, ते कागदावर लिहून काढावे. आणि तो कागद फादरांच्या व मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा. त्या कागदावर आठ दिवसांच्या आत काय झाले, ते विचारावयास पुन्हा जावे. सरथाण्याच्या त्या बावीस मुलांसाठी आपण प्रार्थना करू शकतो, आणि ती करावीच. परंतु अडवलेले एखादे दार त्यांच्या स्मरणार्थ मोकळे करणे, ही प्रार्थना हातांनी केलेली असेल.